आठच्या आत काट्यावर

मी सायकल शिकली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. हसायचं असन तं आताच हसून घ्या. अख्खं अकोट हसलं, तुमी काहून मागं राहता? पण हसून झालं का नीट ऐका, कारण ही गोठ मी कोणाले अर्धी सांगत नाई.

माहं नाव मनकर्णा. अकोटपासून आठ किलोमीटरवर उत्तमराव मालकाची कापसातून सरकी काढायची जिनिंग आहे, तिथल्या काट्यावर मी बसते. काटा म्हणजे गाड्या मोजायचा मोठा काटा. कापसानं भरलेला ट्रॅक्टर त्याच्यावर चढते, केबिनमधल्या मशीनवर आकडा येते, मी बटन दाबते अन् चिठ्ठी निघते. नऊ वर्षं झाली मले तिथं. पहिल्या वर्षी लोक म्हणत, बाईले काट्यातलं काय समजते! दुसऱ्या वर्षी तेच लोक फोन करून विचारायले लागले, बाई आज काट्यावर आहे ना, तं गाडी भरतो.

त्याचं कारण सांगते. सकाळी काटा खुलला का मी आकड्याची पाटी बाहेरच्या बाजूनं फिरवते अन् पहिल्या गाडीवाल्याले हाक मारते, "शून्य पाहून घ्या भाऊ!" तो पाहते, मान हालवते, मंगच गाडी वर चढते. हे मले कोणी शिकवलं नाई, मालकानंही सांगितलं नाई. माहा बाप जिथं कापूस नेत होता तिथं त्याले कोणी आकडा दाखवत नव्हतं. विचारलं तं खेकसत. बाप घरी येऊन दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नसे. मले ते तोंड अजून आठवते. म्हणून मी पाटी फिरवते.

तं त्या केबिनमधली ती मोडक्या पाठीची खुर्ची, तिच्यावर माहा जीव आहे. घरी मी कोणाची बायको, कोणाची आई. तिथं मी 'काट्यावरची बाई'. हे नाव मी स्वतः कमावलं आहे.

आता झालं असं का माहा नवरा, गोपाल, मले रोज मोटरसायकलवर सोडून देत होता. (त्याच्यासमोर मी 'प्राजूचे पप्पा' म्हणते, इथे तो नाई म्हणून नाव घेऊन राहिली.) मागच्या उन्हाळ्यात त्याची नोकरी बदलली. अकोल्याच्या रस्त्यानं, म्हणजे बरोबर उलट्या दिशेले, अन् सकाळी साडेसहाले निघा लागते. मोटरसायकल त्याच्यासोबत गेली. आमच्या बाजूची एसटी निघते आठ वीसले. ऑटोवाला दहा सवारी भरल्याशिवाय चाक हालवत नाई. अन् काटा खुलते आठले.

पोळ्यानंतर मालकानं बोलावलं. सीझन दिवाळीनंतर सुरू होते, त्याची तयारी चालू होती. मालकाच्या बाजूले त्यांचा पुतण्या शिवम मोबाइल पाहत बसला होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोट्टा, पुण्यात काहीतरी शिकून परत आलेला. पायात पांढरेफट बूट.

"मनकर्णाबाई," मालक म्हणे, "तुमच्या येण्या-जाण्याचं मले समजलं. काम तुमचं चोख आहे. पण काटा आठले खुलला पाहिजे, सव्वाआठले नाई."

"येईन मी आठच्या आत."

"कशी येशाल?" शिवम मोबाइलमधून मान वर न काढता म्हणे. "काकू, मी बसतो ना काट्यावर. तुमी सरकीच्या शेडमध्ये या, तिथं नऊ वाजता आलं तरी चालते."

माहं डोकंच सणकलं. सरकीच्या शेडमध्ये! नऊ वर्षं काटा सांभाळल्यावर मी सरकीची पोती शिवत बसू?

"मालक," मी म्हटलं, "एक दिवस उशीर झाला तं घ्या काटा."

मालकानं एकदा पुतण्याकडे पाहिलं, एकदा माह्याकडे. मंग म्हणे, "ठीक. कापूस खरेदीच्या मुहूर्तापासून पहिले पंधरा दिवस. पंधराही दिवस आठच्या आत पहिली चिठ्ठी निघाली तं काटा तुमचा, मी पुन्हा विषय काढणार नाई. एक दिवस जरी चुकला तं काटा शिवमचा. अन् कारण सांगायचं नाई बरं. पंक्चर, पाऊस, बस, काहीच ऐकणार नाई मी."

"मंजूर," म्हटलं अन् बाहेर पडली. फाट्यावर ऑटोची वाट पाहत उभी राहिली तेव्हा माह्या ध्यानात आलं का आपण काय बोलून बसलो. बाप्पा!

घरात सायकल होती. माह्या पोरीची, प्राजक्ताची. आठवीत असताना घेतली होती. आता ती कॉलेजले बसनं जाते, सायकल मागच्या टिनाखाली धूळ खात पडली होती. पण मले कुठी येत होती सायकल? आमच्या गावात पोरींनी सायकल चालवायची रीत नव्हती. भाऊ चालवे, मी मागं बसे.

गोपालले सांगितलं तं जेवता-जेवता त्याले ठसकाच लागला. "तू? सायकल? अवं, पडली तं दवाखान्यात मलेच न्या लागन."

"नेजा. नवरा कशासाठी केला मंग?"

प्राजक्ता मात्र खूश झाली. एवढी खूश का मले संशय आला. रविवारी सकाळी तिनं मले बाजार समितीच्या आवारात नेलं. तिथं सिमेंटचं मोठं मैदान आहे, सुटीच्या दिवशी मोकळं असते. तिथं समजलं का ती काहून खूश होती. लहानपणी मी तिले पाढे शिकवताना जेवढी ओरडली होती ना, ते सगळं तिनं त्या दिवशी व्याजासकट वापस केलं.

"आई, चाकाकडे पाहू नको! समोर पाहा! समोर म्हटलं मी! तुले समोर म्हणजे काय ते समजत नाई का?"

"पोट्टे, मी तुही आई आहे!"

"मंग आईसारखी समोर पाहा!"

पहिल्या रविवारी सात वेळा पडली. दुसऱ्या रविवारी पाच. एकदा तं बारदान्याच्या थप्पीवर जाऊन आदळली अन् वरची दोन बंडलं माह्या डोक्यावर आली. गुडघे सोलले, हाताची कातडी निघाली. रात्री हळद लावत बसली तेव्हा रडू आलं. दुखत होतं म्हणून नाई. वाटलं का शिवम बरोबर म्हणत होता, आपलं वय गेलं.

तिसऱ्या रविवारी प्राजक्ता मागून सीट धरून धावे, मी पाच-सात पावलं जाई अन् भप्पकन पाय टेकवे, असं चालू होतं. बाजूच्या ओट्यावर एक जण दात घासत बसला होता. जाड मिशीवाला, पोट सुटलेला. तो तोंडातला फेस थुंकून म्हणे, "काय बाई, या वयात काय हे भूत डोक्यात शिरलं? घरी नातवंडं खेळवा!"

नातवंडं! माही पोरगी सतरा वर्षांची आहे, अन् हा भैताड मले नातवंडं देऊन राहिला! मी पेडल मारत-मारतच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं अन् सुरू झाली, "तुह्या घरी तुही बायको तुले खेळवते का रे? आरशात तोंड पाहिलं का? त्या मिशीत उंदीर राहत असन तुह्या! लोकाच्या बायकायले शिकवतो, आधी ते पोट उचल अन् घरी जा!"

अजून लय होतं मनात. पण मागून प्राजक्ताची किंकाळी ऐकू आली. "आई! आई गंऽऽ! मी सोडलं आहे! मी कधीचंच सोडलं आहे!"

मी पाहिलं तं मैदानाच्या दुसऱ्या टोकाले आली होती. एकटी. सायकल सरळ चालून राहिली होती अन् मी वर बसून होती. कारण काय, तं मी चाकाकडे नाई, त्या मिशीवाल्याकडे पाहत होती. त्यानंतर जे हसू सुटलं मले! थांबता येत नव्हतं म्हणून अजून तीन चकरा मारल्या. त्या माणसाचे मी आजही उपकार मानते. भेटला तं चहा पाजीन.

मंग सायकल घेऊन गेली धर्मपालभाऊकडे. बसस्टँडमागं त्यांचं दुकान आहे, तीस वर्षांपासून सायकली दुरुस्त करतात. त्यांनी सीट खाली घेतली, ब्रेक बदलले, चेन डिझेलनं धुतली. अन् दोन्ही मडगार्ड खोलून बाजूले ठेवले.

"हे काहून काढले?"

"तुमी जिनिंगच्या रस्त्यानं जाणार ना? डांबर आहे तोवर ठीक. कुठी काळ्या मातीत चाक गेलं अन् माती ओली असली, तं ती टायरले धरते. टायर अन् मडगार्डच्या मधात जाऊन बसते. मंग चाक फिरत नाई, काही करा. आमच्याकडचे दूधवाले मडगार्ड ठेवतच नाईत."

"भाऊ, साडीवर चिखल उडन ना."

"साडी धुता येते बाई."

पटलं मले. पण दसऱ्याले घोळ झाला. दसऱ्याले आमच्याकडे गाड्या धुऊन पुजतात. गोपालनं मोटरसायकल धुतली, झेंडूचा हार घातला. बाजूले मी माही सायकल लावली. पहिल्यांदा माह्या नावाचं काहीतरी पूजेले होतं. पण ती बिनमडगार्डची, उघडी-वाघडी, कशीतरीच दिसे. शेजारची म्हणे, "काय वं, कोंबडीची पिसं काढल्यासारखी दिसते." झालं! तशीच उठली, धर्मपालभाऊचं दुकान गाठलं अन् चकचकीत नवे मडगार्ड बसवून आणले. पूजेले शोभा पाहिजे का नाई?

भाऊंनी बसवून दिले, पण बसवताना मान हालवत होते. निघताना एक पान्हा हातात दिला. "शोभेसाठी लावता तं लावा. पण हा पिशवीत ठेवा. दहा नंबरचा आहे. सगळे नट यानंच खुलतात." मी हाव म्हटलं अन् पान्हा डब्याच्या पिशवीत टाकून विसरून गेली.

दिवाळी झाली, मुहूर्ताचा दिवस आला. पहाटेच उठली. साडीचा काष्टा खोचला, जसा वावरात निंदायले खोचतो तसा. पदर कमरेले बांधला. सात वाजता घरातून निघाली. पहिले दोन किलोमीटर बरे गेले. मंग समोरून वारं सुटलं. मागून ट्रक आला का सायकल थरथरे अन् मी हँडल घट्ट धरी. फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिणारे उभे राहून पाहून राहिले होते. एक जण ओरडला, "सायकलवाली बाई आली होऽऽ!" मी घंटी वाजवली. दुसरं काय करणार, हात सोडता येत नव्हता.

सात पन्नासले जिनिंगच्या गेटवर पोचली. गेटवर म्हातारा चौकीदार बंडू अन् त्याच्या बाजूले शिवम, हातात मोबाइल, त्यात घड्याळ लावलेलं.

"आज आल्या काकू," तो म्हणे. "पाहू उद्या."

तो रोज उभा राहायचा. मी यायच्या आधीच, तसाच, पांढरे बूट घालून. दुसरा दिवस. तिसरा दिवस. चौथ्या दिवशी मांड्या एवढ्या दुखत होत्या का संडासात बसता येईना, तरी गेली. पाचव्या दिवशी समजलं का सायकल आज हलकी चालून राहिली. टायर दाबून पाहिलं तं टणक. दुसऱ्या दिवशी जरा लवकर उठून खिडकीतून पाहिलं. साडेसहाच्या आधी, अंधारात, गोपाल उकिडवा बसून माह्या सायकलमध्ये हवा भरून राहिला होता. त्याच्या डब्यात, त्याले आवडते म्हणून, दोन दिवस लागोपाठ भरीत दिलं.

दहाव्या दिवसापर्यंत मी पस्तीस मिनिटांत पोचायले लागली होती. हॉटेलातले लोक आता ओरडत नव्हते, घड्याळ लावत होते. "सायकलवाली गेली, सात वीस झाले." शेतकरी काट्यावर गाडी लावता-लावता विचारत, "बाई, आज कितवा दिवस?" कसं कोण जाणे, सगळ्या तालुक्याले माहीत झालं होतं.

चौदा दिवस झाले. चौदाही दिवस आठच्या आत.

पंधरावा दिवस सोमवार होता. रविवारी जिनिंग बंद होती अन् भाव चांगला निघाला होता, म्हणून शेतकरी रात्रीपासूनच गाड्या लावून बसले होते. मी सातले निघाली. साडेचार किलोमीटरवर नाला आहे, त्याच्यावर अरुंद पूल. पुलाच्या बऱ्याच अलीकडे पाहते तं काय, गाड्याच गाड्या! ट्रॅक्टर, टेम्पो, छोटे हत्ती, दोन-चार बैलबंड्या. सगळे उभे. मी गाड्यांच्या बाजूनं घंटी वाजवत-वाजवत निघाली. मधात मालकाची पांढरी कार दिसली. मालक समोर, शिवम स्टेअरिंगवर, हॉर्न वाजवून राहिलेला. मी बाजूनं गेली तं त्यानं काच खाली केली. मी घंटी वाजवली अन् पुढे गेली.

पुलावर आली अन् पाहिलं. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा एक्सल तुटून ट्रॉली आडवी झाली होती. वर लादलेला कापूस दोन्ही कठड्यांच्या बाहेर आलेला. माणूस वाकून, रांगत खालून निघू शकत होता. सायकल निघत नव्हती.

सात वाजून वीस मिनिटं.

सायकल सोडून पायी गेली असती तं साडेतीन किलोमीटर, म्हणजे आठच्या पुढे. कारण सांगायचं नाई असं ठरलं होतं. आता मालक स्वतःच अडकले आहेत, समजून घेतीन, असं तुमी म्हणाल. माह्याही मनात आलं. पण मंग वाटलं, चौदा दिवस मी कोणाच्या समजून घेण्यावर काढले? अन् मले दया म्हणून मिळालेला काटा नको होता.

"मनकर्णाबाई!" आवाज आला. पुंजारामकाका. दरवर्षी माह्याच काट्यावर गाडी लावतात. त्यांचं वावर पुलाच्या पलीकडेच आहे. "उतारानं नाल्यात उतरा. पाणी घोट्याएवढं आहे. पलीकडे माह्या वावराचा धुरा लागते, त्या धुऱ्यानं पांदण गाठा. पांदण जिनिंगच्या कंपाउंडपाशी निघते. पण बाई, रात्री लाइट आली तेव्हा हरभऱ्याले पाणी दिलं आहे, अन् पाणी फुटून पांदणीवर गेलं. माती लय चिकट आहे."

"पाहू काका!"

सायकल खांद्यावर घेतली. कशी घेतली ते मले विचारू नका. नाल्यात उतरली, चपला हातात, पाणी थंडगार. पलीकडे चढताना दोनदा घसरली. धुरा, म्हणजे वावराचा बांध, बरा होता. मंग पांदण, वावरांच्या मधली मातीची गाडीवाट, लागली अन् मी सायकलवर बसली.

वीस पावलं गेली असन. चाक जाम.

उतरली. पाहिलं तं टायर अन् मडगार्डच्या मधात काळी माती, लिंबाएवढी नाई, नारळाएवढी. काडी घेतली, कोरली, ढकलली. चार पावलं गेली, पुन्हा जाम. पुन्हा कोरली. पुन्हा जाम. माह्या पायालेही मातीचे जोडे झाले होते, एक-एक किलोचे. मोबाइल पाहिला. सात चौतीस.

तिथं मी धुऱ्यावर बसून रडली, खोटं काहून सांगू? अन् मंग माहा राग उफाळला. मालकावर नाई, शिवमवर नाई, माह्यावरच. दसऱ्याले शोभा पाहिजे होती ना तुले! घे शोभा! धर्मपालभाऊ कोकलून सांगत होते, तुले शेजारणीची कोंबडी मोठी वाटली!

धर्मपालभाऊंचं नाव तोंडात आलं अन् मी थबकली. पान्हा!

डब्याची पिशवी उपडी केली. पोळ्या एकीकडे, भाजीचा डबा एकीकडे, अन् सगळ्यात खाली तो पान्हा. बोटं चिखलानं घसरत होती. पहिला नट निघाला. दुसरा. मागचा एक नट काही केल्या हालेना, त्याले मी एवढ्या शिव्या दिल्या का तो लाजून निघाला असन. दोन्ही मडगार्ड उचलले अन् पुंजारामकाकांच्या हरभऱ्यात भिरकावून दिले. चकचकीत नवेकोरे मडगार्ड! आता माती लागे तशी गळून पडे. चाक फिरून राहिलं होतं.

सात त्रेचाळीस.

ओली पांदण ढकलत पार केली. पुढे कोरडी लागली अन् मी बसली. तेव्हापासून मी खाली पाहिलंच नाई. समोर जिनिंगचं धुरांडं दिसत होतं, तेवढंच पाहत होती. केस सुटले, पदर सुटला, एक चप्पल कुठी गेली तं माहीत नाई. मागून घाम अन् पुढून वारा, अन् मी जोरजोरात ओरडत होती, "चाल! चाल माय! चाल!" सायकलले म्हणत होती का स्वतःले, कोणाले माहीत.

कंपाउंडले वळसा घालून गेटवर आली तेव्हा बंडू स्टुलावरून उठून उभाच राहिला. मले ओळखायले त्याले वेळ लागला.

"शिवम कुठी आहे?" मी विचारलं.

"आला नाई. कोणीच नाई आलं. रात्रीपासून लागलेल्या वीस-पंचवीस गाड्या आत आहेत, बस."

चौदा दिवस जो गेटवर घड्याळ घेऊन उभा होता तो पंधराव्या दिवशी नव्हता. मी केबिनचं कुलूप खोललं. मशीन चालू केली. पाटी बाहेर फिरवली. चिखलाच्या हातानंच खिडकी उघडली अन् ओरडली, "शून्य पाहून घ्या भाऊ!"

पहिला ट्रॅक्टरवाला आकड्याकडे पाहेचना, माह्याकडेच पाहत होता. "भाऊ, मी शून्य नाई, शून्य तिकडे आहे!" म्हटलं तेव्हा त्यानं पाहिलं, मान हालवली, गाडी वर घेतली. बटन दाबलं. चिठ्ठी निघाली. आमच्या चिठ्ठीवर तारखेच्या खाली वेळ छापून येते.

सात वाजून एकोणसाठ मिनिटं.

त्या ट्रॅक्टरवाल्यानं वेळ पाहिली अन् अशी आरोळी मारली का आवारातले सगळे धावत आले. "पंधरा झाले! बाईचे पंधरा झाले!" लोक टाळ्या वाजवायले लागले. कोणीतरी हॉर्न वाजवला, मंग सगळ्यांनीच. वीस ट्रॅक्टरचे हॉर्न! मी केबिनमध्ये खुर्चीवर बसून पदरात तोंड घालून रडली. एवढा आनंद मले माह्या लग्नातही झाला नव्हता. हे गोपालले सांगू नका.

नऊच्या पुढे मालक आले. पायी. धोतराले चिखल, कपाळावर घाम. ट्रॉलीखालून रांगत निघाले होते. मागून शिवम लंगडत, पांढऱ्या बुटांचा रंग ओळखू येत नव्हता. तोवर माह्या अकरा गाड्या मोजून झाल्या होत्या.

मालकानं पहिल्या चिठ्ठीची प्रत उचलली, चष्मा लावला, वेळ वाचली. मंग माह्याकडे पाहिलं, डोक्यापासून त्या एका चपलेपर्यंत. बाहेर भिंतीले टेकवलेली सायकल पाहिली, मातीनं माखलेली.

"मडगार्ड कुठी गेले?" ते म्हणे.

"पुंजारामकाकांच्या हरभऱ्यात."

मालक हसले. मोठ्यानं. नऊ वर्षांत मी त्यांले असं हसताना पाहिलं नव्हतं. "बाई, काटा तुमचा. अन् उद्या ती खुर्ची बदलून घेऊ, नवी आणू."

"खुर्ची राहू द्या. पाठ तेवढी खिळून द्या."

तेवढ्यात त्यांनी खिसे चाचपले अन् चेहरा पडला. "शिवम, गोदामाच्या चाव्या?"

शिवमनंही खिसे चाचपले. "गाडीतच राहिल्या काका."

गोदाम उघडल्याशिवाय जिनिंगची मशीन चालू होत नव्हती. गाडी पुलापाशी, साडेतीन किलोमीटर. आतल्या गाड्या सगळ्या भरलेल्या, एकालेही मागं फिरता येत नव्हतं. शिवम गेटकडे पाहे, रस्त्याकडे पाहे, आपल्या सोललेल्या टाचांकडे पाहे. सगळे हळूहळू एकाच बाजूले पाहायले लागले, भिंतीकडे.

तो खिडकीपाशी आला. मान खाली. "काकू, सायकल... घडीभर मिळन का?"

वाटलं का सगळे चौदा दिवस त्याच्या तोंडावर मारावे. शब्द जिभेवर तयार होते, एकाहून एक. पण त्याच्या टाचेले रक्त आलेलं दिसलं, अन् माहे सोललेले गुडघे आठवले.

"ने," मी म्हटलं. "पण साडेपाचले मले पाहिजे. घरी जायचं आहे."

त्यानं सायकल घेतली. लेडीज सायकल, त्यात सीट माह्या मापाची, त्याचे गुडघे हँडलले लागत होते. शाळा सुटल्यापासून बसलाच नसन कधी. गेटपर्यंत जाता-जाता दोनदा डगमगला. नजर खाली, पुढच्या चाकावर. शेतकरी तोंडावर हात ठेवून हसून राहिले होते.

मी खिडकीतून अर्धी बाहेर आली अन् ओरडली, "शिवम! चाकाकडे पाहू नको! समोर पाहा, समोर!"

त्यानं मान वर केली, अन् सायकल सरळ झाली. तो गेटबाहेर गेला तोवर मी पाहत होती. मंग खाली बसली अन् पुढच्या गाडीले हाक मारली.